नमुना चार

पेपरमिंटच्या डबीत कापूस, कापसात सात टिकल्या,
तिळाच्या वडीएवढ्या, काळपट हिरव्या.
यट्रियम, लोखंड, ऑक्सिजन.
सराफाकडे गार्नेटला तामडा म्हणतात, तो लाल असतो.
आमचा लाल नाही. आईला दाखवला तर म्हणाली,
एवढ्यासाठी पाच वर्षं?

विष्णुपुरीच्या चढावर, विभागाच्या मागच्या खोलीत
तेराशे अंशांची भट्टी. हमीदभाई ती राखतात
बाळंतिणीच्या खोलीसारखी, दार लोटून, पाय न वाजवता.
त्याआधी जेल पेटते. मधासारखी दाट जेल
फुगते, ठिणगी धरते,
आणि वीतभर भांड्यातून राखेचं झाड वर येतं, वजन नसलेलं.
खिडकी उघडी राहिली की सहा महिने उडून जातात.
माझे एकदा गेले.
राख दळायची, पोलादी साच्यात दाबायची, भट्टीत ठेवायची,
आणि मग बारा घंटे काहीच करायचं नाही.

सहा नमुने शहाण्यासारखे वागले.
चौथ्याचा वळसा मोजणीत रुंद आला,
चुंबक दिशा बदलायला तयारच होईना.
कांचनगिरे सरांनी विचारलं, भट्टी बरोबर होती?
हमीदभाई म्हणाले, हो सर.
पुन्हा विचारलं, मोठ्यानं.
हो सर.

सोन्याचा मुलामा चढवून सूक्ष्मदर्शकाखाली घातला
(मुलाम्याशिवाय इलेक्ट्रॉन साचतात, चित्र पांढरंफटक पडतं).
पाच हजार पट. वहीत लिहिलं,
उन्हाळ्यातल्या काळ्या रानासारखं भेगाळलेलं.
खोडलं. भेगेत काही नसतं, पाय अडकतो.
इथं रेघ म्हणजे दोन कण एकमेकांना टेकलेली जागा,
दोघांच्या रांगा वेगळ्या कोनात, आणि मागं कुणीच सरत नाही.
चौथ्यात कण दोन जातींचे,
थोडे थोराड, बाकी बारके, मधे भोकं.
अर्धी पंगत उठून गेल्यावर वाढपी परत आल्यासारखं काहीतरी.

मग धुराएवढा पातळ केला, इलेक्ट्रॉन आरपार जावा इतका.
चुंबकाचे प्रदेश बघायचे होते, त्यांच्यातल्या भिंती.
दिसेनात. एक रात्र. दुसरी.
यंत्र चालवणाऱ्या सत्यशीला गुट्टे
थर्मासचं झाकण फिरवत बोलल्या,
अगं, मुख्य भिंग स्वतःच चुंबक आहे.
त्याच्या पोटात नमुना ठेवतेस, ते सगळ्यांना एका दिशेला उभं करतं,
शाळा तपासायला साहेब आल्यासारखं.
मग तुला काय दिसणार?
बंद कर ते. आणि फोकस जरा चुकव.

चुकवू?
चुकव.

बंद केलं. कणांच्या कडा मऊ पडल्या,
आणि त्या धुरकटात एक पांढरी रेघ, पलीकडे काळी,
पुन्हा पांढरी. भिंती.
थोराड कणातून सरळ आलेल्या,
भोकापाशी येऊन अडलेल्या, वाकलेल्या,
अवघड जोडाक्षरावर बोट ठेवून थांबलेल्या पोरासारख्या.

सकाळी सहाला कॅन्टीन उघडलं नव्हतं.
हमीदभाई पायरीवर स्टोव्ह मांडून बसले होते.
मी काही विचारलं नाही. खरं तर झोप येत होती.
चहा बशीत ओतून प्याले. धरणाच्या पाण्यावर अजून उजाडायचं होतं.
बऱ्याच वेळानं, स्टोव्हकडं बघत, ते म्हणाले,
"बाई, त्या राती दीड घंटा लाइट नव्हती.
पोरीला दवाखान्यात न्यायचं होतं. मी नव्हतो हितं.
आलो तं भट्टी गार पडू लालती. परत चालू केली."
"कळलं," मी म्हणलं.
"दगडानं सांगितलं?"
"भोकांनी."
हसले. पोरीचं काय झालं, विचारलं.
"नातू," म्हणाले. "दोन किलोला थोडा कमी.
आता उचलत नाही."

प्रबंधात चौथा नमुना आहे, पान एकशे बारा.
वीज नव्वद मिनिटं खंडित, एवढंच कारण. नाव नाही.
परीक्षकांनी पेन्सिलीनं गोल केलाय, चित्र अस्पष्ट.
खाली मी लिहिलं,
मुद्दाम.